लस, चीक आणि ‘ह्युमोरल’

लातूरला बारावी करणाऱ्या एका मुलीचं पत्र आलंय. गाव अहमदपूर तालुक्यातलं, दहावीपर्यंतचं शिक्षण मराठीतून. आता मैत्रिणींसोबत खोली करून राहते आणि ‘नीट’ची तयारी करते. आरोग्य आणि रोगांच्या धड्यात तिला ‘ह्युमोरल इम्युनिटी’ हा शब्द भेटला. डिक्शनरीत पाहिलं तर ह्युमर म्हणजे विनोद. क्लासमध्ये विचारलं तर, “अर्थ काढत बसू नको, ॲन्टिबॉडी (जंतूंशी लढणारं रक्तातलं प्रथिन) दिसली की ह्युमोरलवर टिक कर.” ती विचारते, “मी अशी एकेका शब्दाला अडते. आप्पांनी माझ्यासाठी दोन एकरांतलं सोयाबीन घरात न ठेवता विकलं. मी या लाइनला चालेन का?”

बेटा, आधी शब्दाचं बघू. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

लॅटिनमध्ये ह्युमर म्हणजे ओल, द्रव. जुने ग्रीक वैद्य मानायचे की अंगात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार द्रव असतात. त्यांचं प्रमाण बिघडलं की माणूस आजारी पडतो आणि त्याचा स्वभावही त्यावरच ठरतो. आपल्या वात-पित्त-कफाची आठवण यावी असंच आहे ते. पुढे द्रवावरून स्वभाव, स्वभावावरून लहर, असा सरकत सरकत तो शब्द विनोदापर्यंत पोचला. वैद्यकात मात्र मूळचा द्रवच राहिला. डोळ्याच्या आकृतीत ‘ॲक्वियस ह्युमर’ पाहिला असशील, डोळ्यातल्या भिंगापुढचं पाणी. तोच हा शब्द.

मग तो इम्युनिटीला, म्हणजे प्रतिकारशक्तीला, का चिकटला? 1890 साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी धनुर्वाताला दाद न देणाऱ्या सशाच्या रक्तातलं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारं पाणी, घेतलं आणि उंदरांना टोचलं. एरवी जीव घेणारं धनुर्वाताचं विष त्या उंदरांना बाधलं नाही. उंदरात सशाच्या पेशी गेल्या नव्हत्या, गेला होता नुसता द्रव. म्हणजे राखण त्या द्रवातच होती, म्हणून ह्युमोरल. बेरिंगना 1901 साली वैद्यकाचं पहिलं नोबेल मिळालं. तिकडे मेचनिकोफ नावाचे शास्त्रज्ञ सांगत होते की जंतू गिळणाऱ्या पेशीच खऱ्या. या दोन पक्षांचा वाद बरीच वर्षं चालला, आणि 1908 चं नोबेल मेचनिकोफ आणि द्रवाच्या बाजूचे पॉल अर्लिख या दोघांना मिळून दिलं गेलं. तुझ्या धड्यातले ह्युमोरल आणि सेल-मीडिएटेड (पेशींमार्फत चालणारा) हे दोन भाग त्या वादातूनच आलेत. बी आणि टी हे पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार. बी पेशींपासून ॲन्टिबॉडी तयार होतात आणि रक्तातून फिरतात. टी पेशी स्वतः जाऊन भिडतात. दुसऱ्याची किडनी शरीर नाकारतं तेव्हा मुख्य काम टी पेशींचं असतं. हे एकदा कळलं की टिक कुठे करायची ते पाठ करावं लागत नाही.

आणि हा शब्द तुला परका वाटायचं कारणच नाही. खरचटल्यावर जखमेतून पाणी येतं त्याला तुझी आजी काय म्हणते? “लस येतेय.” देवीच्या रोगावरची टोचणी गाईंना होणाऱ्या गोस्तनदेवीच्या फोडातल्या अशाच लसीतून आली, आणि तेच नाव आपण सगळ्या टोचण्यांना देऊन टाकलं. मराठीनं द्रव आणि संरक्षण एकाच अक्षरजोडीत ठेवलंय. मला या शब्दाचं फार अप्रूप वाटतं.

आता गोठ्यात चल. गाय व्याली की आप्पा वासराला आधी चीक पाजतात, खरवसाचं नंतर बघतात. का? गाईच्या वारेतून ॲन्टिबॉडी वासरापर्यंत पोचत नाहीत. वासरू जवळजवळ कोरं जन्माला येतं. चिकात त्या भरपूर असतात, पण वासराचं आतडं त्या जशाच्या तशा रक्तात घेतं ते पहिले काही तासच. एक दिवस उलटला की ती वाट बंद. माणसात काही ॲन्टिबॉडी वारेतूनच बाळाला मिळतात, वर आईच्या चिकातून आणखी. आयती मिळालेली ही प्रतिकारशक्ती, साप चावल्यावर देतात त्या इंजेक्शनासारखी. तेही घोड्याच्या रक्तातून तयार होतं.

आता तुझा खरा प्रश्न. क्लासमधलं ते उत्तर मला पटलं नाही, पण त्या सरांची घाईही समजते. 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे, आणि घड्याळ कुणासाठी थांबत नाही. म्हणून दिवसा अडलेला शब्द वहीच्या मागच्या पानावर टिपून पुढे जा, आणि रात्री वीस मिनिटं त्या पानाला दे. अडायचं सोडू नकोस, फक्त त्याची वेळ ठरव.

एमबीबीएसचा प्रयत्न जोमाने कर. पण आप्पांना हे वाचून दाखव: ‘नीट’च्याच गुणांवर परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही प्रवेश होतो. उदगीर तर तुमच्या शेजारचंच. मुली तिथे कमी जातात हा समज जुना झाला. तुझ्या पत्रात गोठ्याबद्दल ज्या चार ओळी आहेत, त्या डॉक्टरकीबद्दलच्या ओळींपेक्षा जास्त जिवंत आहेत. म्हणून हा पर्याय मी दुसऱ्या नंबरचा म्हणून लिहीत नाही. मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी आणि पुढे इम्युनॉलॉजी, म्हणजे प्रतिकारशक्तीचं शास्त्र, हा तिसरा रस्ता. लस आणि सीरम बनवणाऱ्या कंपन्यांत त्याच माणसांची गरज असते. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट 1966 साली उभी राहिली ती घोड्यांच्या सीरमवरच, नावातच आहे बघ.

पुढच्या रविवारी खोलीजवळच्या एखाद्या लॅबमध्ये जा. ताईंना विनंती कर की मशीनमधून फिरून आलेली रक्ताची एक नळी दाखवा. खाली गोठलेलं लाल रक्त, वर गव्हाच्या काडीच्या रंगाचं स्वच्छ पाणी. टायफॉइडची विडाल तपासणी असो की डेंगूची, ॲन्टिबॉडी त्या वरच्या पाण्यात शोधतात. ते पाहिल्यावर काय वाटलं ते मला लिही, तीनही रस्त्यांबद्दल आपण मग नीट बोलू. आप्पांनाही पत्रात दोन ओळी लिहायला सांग.