‘स्टार्टिंग कर्नल’च्या पुढे बोर्ड गप्प असेल तर डीबगर कसा चालू करायचा?

तुम्ही लिहिलंय की महाप्याच्या कंपनीत आर्म प्रोसेसरच्या बोर्डवर नवं लिनक्स कर्नल चढवलं, यू-बूटची (कर्नल सुरू करून देणाऱ्या बूटलोडरची) ‘स्टार्टिंग कर्नल’ ही ओळ येते आणि पुढे काहीच नाही. बूट ओळीत (कर्नलला सुरुवातीला दिलेल्या सूचनांत) केजीडीबीवेट, म्हणजे ‘डीबगरसाठी थांब’, दिलं तरी कर्नल थांबत नाही. रबाळ्यात माझं कामच बोर्ड ब्रिंगअपचं, म्हणजे नवे बोर्ड पहिल्यांदा चालू करण्याचं आहे, त्यामुळे हे दुखणं रोजच्या ओळखीचं आहे.

केजीडीबीवेट चुकीचं नाही, त्याची पाळीच येत नाहीये. केजीडीबी हा कर्नलमधलाच डीबगर, आणि त्याला सिरीयल पोर्टवर बोलू देणारा नेहमीचा केजीडीबीओसी सिरीयल ड्रायव्हरच्या खांद्यावर बसून येतो. तो ड्रायव्हर बूटमध्ये बराच उशिरा उठतो. कर्नल त्याआधीच मेलं तर डीबगरला बोलायला वाटच उरत नाही.

म्हणून आधी बूट ओळीत फक्त अर्लीकॉन (ड्रायव्हर उठण्याआधीच संदेश छापणारा साधा कन्सोल) द्या, डीबगर नंतर. किंमत न देता नुसतं अर्लीकॉन लिहिलं की तो पोर्ट डिव्हाइस ट्रीच्या (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलच्या) चोझन नोडमधल्या एसटीडीआउट-पाथवरून घेतो. तो पाथ नसेल किंवा भलत्याच युआर्टकडे (सिरीयल पोर्टच्या चिपकडे) बोट दाखवत असेल तर एक अक्षरही उमटणार नाही, तेव्हा पहिल्यांदा तेच तपासा. पुष्कळदा इथेच ऊप्स किंवा पॅनिक, म्हणजे कर्नल कोसळल्याचा संदेश, दिसतं आणि डीबगरची गरजच संपते.

तरीही आत शिरायचं असेल तर लिनक्स ५.८ पासून (२०२०) केजीडीबीओसी_अर्लीकॉन आहे. तो खऱ्या ड्रायव्हरची वाट न बघता अर्लीकॉनच्याच वाटेने बोलतो. बूट ओळ अशी, अर्थात इंग्रजी अक्षरांत:

अर्लीकॉन केजीडीबीओसी_अर्लीकॉन केजीडीबीओसी=टीटीवायएस०,११५२०० केजीडीबीवेट

क्रम मोडू नका, केजीडीबीवेट शेवटीच. टीटीवायएस० च्या जागी तुमच्या बोर्डाचा पोर्ट, ११५२०० हा त्याचा वेग. कॉन्फिगमध्ये केजीडीबी, केजीडीबी_सिरीयल_कन्सोल आणि केजीडीबी_केडीबी तिन्ही ‘वाय’ हवेत. सिरीयल कन्सोल ‘एम’ ठेवला, म्हणजे मॉड्यूल केला, तर एवढ्या लवकर तो मिळणारच नाही. शिवाय तुमच्या युआर्टच्या अर्लीकॉनला लिहिण्यासोबत वाचताही यायला हवं. ८२५० आणि पीएल०११ या युआर्टना ते येतं.

हे जमलं की मेमरीची मांडामांड झाल्यावर कर्नल थांबतं आणि केडीबीचा (केजीडीबीच्या कमांड टाइप करायच्या रूपाचा) प्रॉम्प्ट येतो. वरच्या ओळीत पीआयडी ० दिसेल, कारण तोवर दुसरी प्रोसेस जन्मलेलीच नसते. बीटी कमांडने स्टॅक बघा, गो कमांडने कर्नल पुढे सोडा. प्रॉम्प्ट दिसतोय पण कळा दाबून काही होत नाही, असं झालं तर वायर बघा. नुसता लॉग बघायला लोक बोर्डाची टीएक्स (पाठवणारी पिन) आणि ग्राउंड एवढंच जोडतात. इथे आरएक्सही (ऐकणारी पिन) लागते. केबलचं व्होल्टेज बोर्डाच्या युआर्टशी जुळतं (बहुधा ३.३) याची खात्री करा, ५ व्होल्टने पिन जळू शकते.

तुमच्या संगणकावरचा जीडीबी डीबगर जोडायचा असेल तर मिनीकॉम (सिरीयल टर्मिनल) आधी बंद करा, एका पोर्टवर दोघं नांदत नाहीत. दोन्ही हवेच असतील तर एजंट-प्रॉक्सी हा पोर्ट दोघांत वाटून देणारा प्रोग्राम वापरा. जीडीबीला झेडइमेज (आवळलेलं कर्नल) नाही, डीबग माहितीसकट व्हीएमलिनक्स (न आवळलेलं कर्नल) द्या, आणि ६४ बिट आर्म असेल तर बूट ओळीत नोकेएएसएलआर (कर्नलचे पत्ते दर वेळी बदलू नकोस) घाला, नाहीतर पत्ते जुळणार नाहीत.

अर्लीकॉनवरही शुकशुकाट असेल तर दोष त्याच्याही आधी आहे, बहुधा एमएमयू (मेमरीचे व्हर्च्युअल पत्ते सांभाळणारा भाग) चालू होण्याच्या आसपास. तिथे केजीडीबीचा उपयोग नाही, जेटॅग (प्रोसेसरला पिनांमधून जोडायचा हार्डवेअर डीबगर) लागेल. जेटॅग हाताशी नसेल तर बोर्डाची वीज न घालवता नुसतं रीसेट करा आणि यू-बूटच्या एमडी कमांडने __लॉग_बफ (कर्नलचा लॉग साठणारी जागा) च्या पत्त्यावरची मेमरी वाचा. तो पत्ता कर्नल बांधताना तयार झालेल्या सिस्टिम.मॅप फाइलमध्ये मिळेल, पण व्हर्च्युअल असतो, फिजिकल काढून घ्या. रॅममधला मजकूर रीसेटनंतर अनेकदा टिकतो, आणि कर्नलचे शेवटचे शब्द तिथे वाचता येतात.

बोर्डावर कुठला चिप आहे आणि अर्लीकॉनने शेवटची कुठली ओळ छापली ते इथे टाका, मग नेमकं सांगता येईल.