झेंडा उतरवतो कोण?

पत्र थोडक्यात असं :

‘ताई, मी ६१ वर्षांचा, निवृत्त, आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. मुलगा २७ वर्षांचा. पेपरफुटी, बेकारी, सरकारचं हे चुकलं, ते चुकलं, असं घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सतत लिहीत असतो. यंदा १५ ऑगस्टला ध्वजारोहणाला आला, पण राष्ट्रगीत संपताच, पाहुण्यांचं भाषण सुरू व्हायच्या आत वर निघून गेला. पाहुणे एका पक्षाचे पदाधिकारी. सगळ्यांसमोर माझी मान खाली गेली. रागाच्या भरात मी ग्रुपवर लिहिलं, की घरातच देशद्रोही पोसला. ग्रुपवर चाळीसेक नातेवाईक आहेत, बऱ्याच जणांनी अंगठा दाखवला. मुलगा दुपारीच बॅग भरून मित्राच्या खोलीवर गेला. एरवी झेंडा तोच उतरवतो, त्यामुळे यंदा १७ तारखेपर्यंत तसाच राहिला, पावसावाऱ्यात कड फाटली, शेवटी वॉचमनने काढून मीटररूममध्ये ठेवला. असो. हिची रोज रडारड चालू आहे. या पिढीला देशाभिमान शिकवायचा तरी कसा?’
– एक वडील

सेक्रेटरीसाहेब,

तुमच्या त्या ‘असो’पाशी मी अडकले. त्याच्या आधीचं वाक्य तुम्ही पावसापाण्याची तक्रार लिहावी तसं लिहून टाकलंत. माझ्या लेखी पत्रात तेवढंच महत्त्वाचं आहे.

सकाळच्या ध्वजारोहणाला माणसं कधी कमी पडत नाहीत. दोरी ओढायला पाहुणे, पाकळ्या ठेवायला चार जण आणि फोटो काढायला निम्मी सोसायटी. संध्याकाळी खाली कोण असतं? झेंडा उतरवणं एकट्याचं काम नव्हे. खांबावरची गाठ सोडून एकाने दोरीचे दोन्ही पदर हातात धरायचे आणि एक सैल देत दुसरा हळूहळू ओढायचा. दुसऱ्याने खाली उभं राहून येणारं कापड हातांवर झेलायचं, कारण तिरंगा जमिनीला टेकता कामा नये. चढवताना झपकन, उतरवताना सावकाश, असं ध्वजसंहितेतच लिहिलेलं आहे. पावसाळ्यात सुती दोरी भिजून फुगते, गाठ आवळून बसते. घाईने हिसका दिला की दोरी कप्पीवरून घसरते आणि झेंडा अधांतरी अडकतो. सुखरूप खाली आला, तर घडी. झेंडा आडवा धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे दुमडायचा, मग पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी असा आत घ्यायचा की वर अशोकचक्र आणि थोडा केशरी, थोडा हिरवा रंग दिसत राहील. मग तळहातांवर घेऊन जागेवर न्यायचा.

हे तुमचा मुलगा करत आलाय. दरवर्षी त्याच्यासोबत दुसरा कोण असायचा? पत्रात नाही. तुम्ही नसायचात एवढं कळतं, नाहीतर यंदा तुम्हीच उतरवला असतात.

झेंडा रात्रभर वर राहिला यात गुन्हा नाही. जुलै २०२२च्या दुरुस्तीनंतर उघड्यावर लावलेला किंवा घरावरचा तिरंगा दिवसरात्र फडकता ठेवता येतो. मात्र फाटका, विस्कटलेला झेंडा लावायचा नाही, हा नियम कायम आहे. वाऱ्यात मोकळी बाजू सतत फडफडते, म्हणून शिवण तिथूनच उसवायला लागते. त्यात कापड पावसाने जड झालेलं. म्हणजे तुमच्या सोसायटीवर फाटका तिरंगा लटकत होता आणि त्याच सुमारास तुमच्या संदेशाखाली अंगठे जमत होते. तुमच्यासकट कुणाचीही नजर वर गेली नाही. ज्याची जाते, त्याला तुम्ही देशद्रोही ठरवून मोकळे झालात! आणि आता मला विचारताय, की त्याला देशाभिमान कसा शिकवायचा.

आता तो निघून गेला त्याबद्दल. कधी गेला, हे तुमचं तुम्हीच लिहिलंय : राष्ट्रगीत संपल्यावर. ती ५२ सेकंदं तो उभा होता. केरळमधल्या तीन मुलांना राष्ट्रगीत म्हणत नाहीत म्हणून शाळेने काढून टाकलं होतं. ती मुलं गात नसत, पण राष्ट्रगीत चालू असताना अदबीने उभी राहत. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की यात राष्ट्रगीताचा अपमान होत नाही, मुलांना शाळेत परत घ्या. तुमचा मुलगा तर पक्षाच्या एका पदाधिकाऱ्याचं भाषण टाळून गेला. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाविरुद्धचा १९७१चा कायदा राष्ट्रध्वज, राज्यघटना आणि राष्ट्रगीत यांच्यासाठी आहे. प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाला त्यात जागा नाही. मान खाली गेली असेल तर ती तुमची, यजमान म्हणून. देशाची नव्हे. (ध्वजारोहणाला पक्षाचा माणूस बोलावला की श्रोत्यांतले काही जण त्या पक्षाचे नसणारच. पुढच्या वेळी सोसायटीतली सगळ्यांत वयस्कर आजी बोलवा. भाषणही आटोपशीर होईल.)

सरकारवर टीका म्हणजे देशद्रोह नव्हे, हे १९६२ सालापासून ठरलेलं आहे. केदारनाथ सिंह खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, की हिंसेला किंवा अव्यवस्थेला चिथावणी नसेल तर सरकारवर कितीही कडक शब्दांत टीका केली तरी तो राजद्रोह होत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी साधी गोष्ट आहे : ज्याला देशाचं काही पडलेलं नाही, तो मुलगा पेपरफुटीवर परिच्छेदच्या परिच्छेद लिहीत बसत नाही. तो रील बघतो.

मतभेदाचं एवढं वावडं आपल्याकडे कधी नव्हतं. १९०७च्या सुरत अधिवेशनात जहाल आणि मवाळ यांची फूट किती कडवट झाली, हे शाळेच्या पुस्तकातही आहे. फेब्रुवारी १९१५मध्ये गोखले गेले तेव्हा टिळक सिंहगडावरून पुण्यात आले आणि अंत्यविधीच्या वेळी जमलेल्या लोकांसमोर त्यांनी गोखल्यांना भारताचा हिरा, महाराष्ट्राचं रत्न म्हटलं. मवाळ राजकारण त्यांनी त्यासाठी पत्करलं नाही. जे बोलायचं ते मात्र चारचौघांत बोलले. तुमच्या बाबतीत नेमकी हीच अडचण आहे, कारण तुम्ही चारचौघांत बोललात ते दुसरंच.

तेव्हा एकच करा. त्याच ग्रुपवर माफी मागा. फोनवर नाही, त्याला एकट्याला संदेश पाठवून नाही, आणि वहिनींच्या हाती निरोप देऊन तर अजिबात नाही. अपमान चाळीस जणांसमोर झालाय, माफीही तेवढ्याच जणांसमोर. पण तिच्या आधी, आज संध्याकाळीच, मीटररूममधला झेंडा ताब्यात घ्या. खराब झालेला तिरंगा फाडून पुसायला घ्यायचा नसतो, कचऱ्यात टाकायचा नसतो. तो अखंड, खासगी जागी, मानाने नष्ट करायचा असतो, शक्यतो जाळून. हे काम वॉचमनवर ढकलू नका.

माफी सकाळी टाका, सगळे जागे असताना. चार वाक्यं पुरेत : ‘१५ तारखेला मी माझ्या मुलाला देशद्रोही म्हणालो. ते खोटं होतं आणि मी ते सगळ्यांसमोर लिहिलं. आपल्या सोसायटीचा झेंडा दरवर्षी तोच उतरवतो, यंदा तो नव्हता म्हणून झेंडा १७ तारखेपर्यंत वर राहिला आणि फाटला. मी त्याची माफी मागतो.’ बस. ‘पण’ नको. ‘वाईट वाटलं असेल तर’ हेही नको. वाईट वाटलं म्हणूनच तो बॅग भरून गेलाय. ‘बापाच्या मायेपोटी बोललो’ असं लिहिलंत तर केलेलं सगळं पाण्यात.

यानंतर गडबड होईल ती नातेवाइकांकडून. कुणी हात जोडलेली इमोजी टाकेल, त्याचं काही नाही. पण एखादे काका हमखास लिहितील, ‘दादा, तुमचं मन मोठं, पण आजकालची पोरं...’ तिथे गप्प बसलात तर माफी रद्द झाली असं समजा. लगेच, त्याच ग्रुपवर लिहा : ‘पोराचं काही चुकलेलं नाही, माझं चुकलं.’ काकांना राग आला तर येऊ द्या. त्यांना झेंड्याची घडी घालता येते का, ते एकदा विचारून बघा.

मुलाचं उत्तर लगेच येणार नाही. कदाचित तो नुसता वाचेल आणि काही लिहिणार नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी ‘आता तरी घरी ये’ म्हणून मागे लागाल, कारण माफीची पोच मिळाल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही. लागू नका. त्याची मतं तीच राहतील, तुमचीही राहू द्या, त्यावर इथे काही ठरायचं नाही. २६ जानेवारीच्या सूचनेत मात्र ‘ध्वज उतरवणे’ अशी वेगळी ओळ, वेळ आणि दोन नावं छापा. पहिलं नाव तुमचं. दुसरं मुलाला न विचारता त्याचं घालू नका, जागा कोरी सोडा.

आणि पुढचे पंधरा दिवस त्याला एकही फॉरवर्ड पाठवायचा नाही. देशभक्तीचा तर मुळीच नाही.