वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन हर्रासातल्या खोट्या बोली

प्रश्न : वडिलांचं एचएमटी पायलट घड्याळ ईबेवर लिलावाला लावलंय. चार दिवस बाकी आहेत. शून्य फीडबॅकच्या, म्हणजे आधीच्या व्यवहारांचा एकही अभिप्राय नसलेल्या, एका नव्या खात्यानं सगळ्यांच्या वर बोली लावली आणि पाठोपाठ ‘तुमचा व्हॉट्सॲप नंबर द्या’ असा निरोप टाकला. बोली रद्द करू का? — एक वाचक, नांदेड

करा; पण शून्य फीडबॅक हे त्याचं कारण नव्हे. नवं खातं म्हणजे लबाड खातं असं धरलं तर पहिल्यांदा घड्याळ घेणारा हौशी माणूसही दारातूनच परत जाईल. इथं खटकतो तो नंबर. साइटच्या बाहेर बोलणं सुरू झालं की तक्रारीच्या वेळी दाखवायला तुमच्याकडं काही उरत नाही. त्यानंतर बहुधा ईबेच्या नावानं एक मेल येतो : ‘पैसे जमा झाले आहेत, ट्रॅकिंग नंबर भरल्यावर मोकळे होतील.’ मेल कितीही हुबेहूब असू द्या, त्यातल्या लिंकवर बोट ठेवू नका. ब्राउझरमधून स्वतः लॉगिन करा. ऑर्डरसमोर ‘पेड’ दिसलं तरच घड्याळ बांधायचं.

रद्द करताना क्रम चुकवू नका. आधी ते खातं ब्लॉक करायचं, मग बोली रद्द करायची. नुसतं ब्लॉक केल्यानं आधी लावलेली बोली निघत नाही आणि नुसती रद्द केली तर तोच माणूस मिनिटभरात पुन्हा बोली लावू शकतो. हे काम आजच उरका. ज्यांनी नाद सोडलाय त्यांना भाव खाली आल्याचं कळून परत यायला वेळ मिळाला पाहिजे. शेवटच्या तासात रद्द केलेल्या बोलीचा फटका तुम्हालाच बसतो.

नव्या खात्यानं नंबर मागितला नसता तर वेगळं सांगितलं असतं. साइटच्याच निरोपातून दोन साधे प्रश्न विचारायचे : पार्सल कोणत्या देशात पाठवायचं आणि पैसे कधीपर्यंत भरणार? सरळ उत्तर आलं तर बोली राहू द्या. बोलींच्या इतिहासात त्या खात्यानं आधी किती बोली मागं घेतल्यात तेही दिसतं, आणि शून्य फीडबॅकपेक्षा तो आकडा जास्त बोलका असतो. अगदी शेवटच्या दहा सेकंदांत येणारी बोली मात्र संशयास्पद समजू नका. जुने संग्राहक मुद्दाम तसंच करतात आणि पैसेही तेच वेळेवर भरतात.

ईबेवर बोली मागं घेण्यालाही मर्यादा आहेत. लिलाव संपायला १२ तासांपेक्षा कमी वेळ असेल, तर या काळात लावलेली बोली लावल्यापासून एका तासाच्या आतच मागं घेता येते. जिंकून पैसे न भरणाऱ्याला चार दिवस द्यावे लागतात. पाचव्या दिवसापासून ‘पैसे भरले नाहीत’ हे कारण देऊन ऑर्डर रद्द करता येते. कारण हेच निवडा. दयेपोटी ‘गिऱ्हाइकानं विनंती केली’ असं निवडलं तर न भरल्याची नोंद त्याच्या नावावर चढत नाही आणि पुढचा विक्रेता फसतो. सेटिंगमध्ये पैसे बुडवल्याच्या नोंदी असलेली खाती आणि तुम्ही पाठवत नाही ते देश आधीच बंद करून ठेवता येतात. पायलटची डायल नव्यानं रंगवलेली असेल तर तेही वर्णनात लिहा, नाहीतर ‘वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणून घड्याळ परत येईल आणि तिथं चूक गिऱ्हाइकाची नसेल.

प्रश्न : आमच्याकडं निजामाच्या काळातले चारमिनार छापाचे चांदीचे रुपये आहेत. व्हॉट्सॲपच्या नाण्यांच्या ग्रुपवर एक लावला. पहिली बोली १,६०० ची, लगेच दुसऱ्यानं ९,००० म्हटलं. मग कुणीच बोललं नाही. वेळ संपायला दोन मिनिटं असताना ९,००० वाला ‘चुकून टाकलं’ म्हणून बाजूला झाला आणि १,६०० वाला नाणं मागतोय. द्यावं लागेल का? — एक वाचक, लातूर

ही जोडगोळीची जुनी चाल आहे. एकानं कमी बोली लावायची, दुसऱ्यानं अवाच्या सवा आकडा टाकून बाकीच्यांना गप्प बसवायचं, आणि शेवटी ते मोठ्या आकड्याचं कुंपण काढून घ्यायचं. दोघं एकच असतात किंवा एकमेकांचे असतात, पण ते सिद्ध करणं तुमच्या हातात नसतं. म्हणून सिद्ध करण्याच्या भानगडीत पडूच नका.

बोली मागं घ्यायला कायद्यात थेट बंदी नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम ६४ असं सांगतं की हातोडा पडेपर्यंत, म्हणजे सौदा झाल्याचं जाहीर होईपर्यंत, बोली लावणाऱ्याला ती मागं घेता येते. पण हाच नियम तुमच्याही बाजूनं आहे : तुम्ही ‘दिलं’ असं जाहीर केलेलं नसेल, तर १,६०० ला सौदा पुरा झालेला नाही. ग्रुपचा ॲडमिन घड्याळाच्या काट्यावर आपोआप विजेता ठरवत असेल तर मात्र त्या ग्रुपचे नियम वाचा.

पुढच्या वेळी फोटोसोबत अटी लिहूनच टाका. साधारण अशा :

‘सुरुवात १,५००. वाढ किमान ५०. बंद रात्री ९.३०. शेवटच्या ३ मिनिटांत बोली आली तर वेळ ३ मिनिटं वाढेल. चालू भावाच्या दुपटीपेक्षा मोठी उडी असेल तर विक्रेता खात्री करून घेईल, तोपर्यंत ती धरली जाणार नाही. कुणी बोली मागं घेतली तर हर्रास पुन्हा उघडेल. पैसे २४ तासांत. विक्रेत्यानं "दिलं" म्हटल्यावरच सौदा पक्का.’

यातली उडीची अट सर्वांत कामाची आहे. ती असली की ९,००० चं कुंपण उभंच राहत नाही. बोली मेसेज ‘डिलीट’ करून गायब करता येते, त्यामुळं मोठ्या बोलीचा स्क्रीनशॉट तिथल्या तिथं घ्या.

नाण्यावरचं हिजरी साल नीट वाचून लिहा. सातव्या निजामाच्या सुरुवातीच्या काळातल्या या रुपयाचं वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि चांदी ८१.८ टक्के, वजनकाट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो लावला की निम्मे वाद तिथंच मिटतात. १३४३ हिजरी म्हणजे १९२४-२५. तेव्हाचं किंवा त्याआधीचं नाणं शंभर वर्षांचं झालंय, आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी बोली कितीही गोड असली तरी ती धरू नका.

प्रश्न : पैठणी लिलावाला लावलीय. भाव चढावा म्हणून भाच्याला बोली लावायला सांगितलं तर चालतं का? — पैठण

नाही. कलम ६४ नुसार आधी तसं जाहीर न करता विक्रेत्यानं स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावली, तर घेणारा ती विक्री फसवणूक मानू शकतो. कमी भावाची भीती असेल तर राखीव किंमत ठेवा. ती कायद्याला मान्य आहे. अंगावर येणारा भाग आणखी वेगळाच : भाचाच जिंकला तर पैठणी घरातच राहते, आणि साइटचं शुल्क भरावं लागतं ते वेगळं.

प्रश्न : जिंकणाऱ्यानं १,२०० ऐवजी १२,००० पाठवले. ‘शून्य जास्त पडलं, उरलेले या दुसऱ्या नंबरवर पाठवा’ म्हणतो. घाई करतोय. — बीड

पाठवू नका. पैसे आलेत का हे आधी स्वतःच्या बँकेच्या ॲपमधल्या पासबुकात बघा. त्यानं पाठवलेला स्क्रीनशॉट आणि साध्या दहा आकडी नंबरवरून आलेला ‘जमा’ असा एसएमएस हे दोन्ही खोटे बनवता येतात. पासबुकात काही नसेल तर विषय संपला.

खरंच जमा झाले असतील तर जास्त सावध व्हा. ते पैसे तिसऱ्याच कुणाला फसवून थेट तुमच्या खात्यात वळवलेले असू शकतात. त्या माणसानं तक्रार केली की ती रक्कम, कधी कधी सगळं खातंच, गोठवलं जातं. तोवर तुम्ही १०,८०० पुढं पाठवलेले असतात आणि मालही गेलेला असतो. बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या, पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करायला सांगा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. माल रोखून धरा.

पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. पैसे देतो म्हणून यातलं काही सांगणारा गिऱ्हाईक नव्हेच. जुन्या नोटा-नाण्यांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेच्या नावानं ‘कमिशन’ किंवा ‘कर’ मागणारेही असतात. आपण असे व्यवहार करत नाही आणि असं शुल्कही घेत नाही, हे बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. तासाभरात तक्रार झाली तर रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त, दुसऱ्या दिवशी ती बहुधा चार खाती ओलांडून काढलेली असते.

प्रश्न : जिंकणारा पळाला. दुसऱ्या नंबरच्या बोलीवाल्याला त्याच्याच शेवटच्या भावानं माल देऊ का? — परभणी

विचारा, पण आधी हिशेब करा. पळालेल्याच्या बोली वगळून यादी वरून खाली वाचा. त्याच्याशी चढाओढीत दुसऱ्यानं ८०० वरून २,००० गाठले असतील आणि तिसऱ्याची बोली ७५० ची असेल, तर खरा भाव ८०० च्या आसपास आहे. तो मागितलात तर माणूस पुढच्या हर्रासालाही येतो.

प्रश्न : नाणं पोस्टानं पाठवलं. गिऱ्हाईक म्हणतं पाकीट रिकामं आलं. — धाराशिव

त्याच्याकडं पाकीट उघडतानाचा, न तोडलेला व्हिडिओ मागा. ही अटसुद्धा लिलावाच्या पोस्टमध्येच हवी. तुमच्याकडं स्पीड पोस्टची पावती असेल, तिच्यावर वजन छापलेलं असतं. पण एका रुपयाच्या नाण्याचं वजन साध्या पाकिटात उठून दिसत नाही. म्हणून नाणं जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत टेपनं बसवा, भरलेलं पाकीट घरच्या काट्यावर ठेवून वजन आणि पत्ता एकाच फोटोत घ्या, आणि बंद करण्यापासून काउंटरवर देईपर्यंत व्हिडिओ चालू ठेवा. काउंटरवर ओटीपी डिलिव्हरी, म्हणजे घेणाऱ्यानं ओटीपी सांगितल्यावरच पाकीट हाती देण्याची सोय, मागून घ्या. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरपत्रकात तिला ५ रुपये अधिक जीएसटी पडतो. ‘मिळालंच नाही’ म्हणणाऱ्यासाठी एवढं पुरतं. ‘रिकामं मिळालं’ म्हणणाऱ्यासाठी व्हिडिओच लागतो.