आजी कुठं चुकली?

*प्रिय मावशी,*

*मी कोल्हापूरकडची. डी.एड. पुण्याला केलं, नोकरी अमरावती जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागली आणि लग्नही इथल्याच मुलाशी झालं. चांदूर बाजार तालुक्यात राहतो, घरची संत्र्याची बाग आहे. माणसं चांगली आहेत, पण अॅक्च्युअली मला यांच्या बोलण्याचा फार त्रास होतो. 'काहून', 'मले', 'तुले', 'जेवून राह्यलो', 'हो ना बाप्पा' आणि जिथं तिथं 'बे'. हे तर सरळ हिंदीचं भाषांतर आहे. घरी पाहुणे आले की माझं डोकं दुखायला लागतं. मिस्टरांना सांगून थकले, ते हसण्यावारी नेतात. सासूबाईंना मी काही म्हणत नाही, पण बेसिकली काळजी मुलाची आहे. तो साडेचार वर्षांचा आहे, त्याला मी पहिल्यापासून शुद्ध बोलायला शिकवलं. परवा सासूबाई त्याला बागेत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "पाय रे बापू, झाड कसं फुटून राह्यलं!" तर हा म्हणाला, "आजी, तू चुकलीस. झाडाला कळ्या येत आहेत, असं म्हण." त्या हसल्या. तेव्हापासून त्याच्याशी जरा कमीच बोलतात, तेवढाच वेळ एबीसीडीला मिळतो. पण बाकीच्यांचं काय करू? चिडचिड न होता कसं राहू?*

*एक शिक्षिका*

अगं पोरी,

'काहून'पाशी मला हसू आलं. 'बे'पाशी तुझ्या बाजूनं मान हलवली, कारण मी अमरावतीची असूनही चारचौघांत तो 'बे' मलाही खटकतो. पण 'तेवढाच वेळ एबीसीडीला मिळतो' हे वाचलं आणि माझं डोकं सणकलं. हे वाक्य तू जाता जाता लिहून गेलीस, आणि तेही फायद्याच्या खात्यात.

सासूबाई त्याला बागेत कशाला घेऊन गेल्या होत्या, हे तुला माहीत आहे का? संत्र्याच्या घरात राहतेस म्हणून विचारते. आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारा फुलोरा, धरायचा तर डिसेंबरात झाडाचं पाणी तोडावं लागतं, त्यालाच ताण देणं म्हणतात. झाड सुकल्यासारखं दिसतं, पानं मलूल होतात, आणि घरातल्या माणसाचा जीव खालीवर होत असतो, कारण ताण कमी पडला तर फूट नाही आणि जास्त झाला तर झाडच जायचं. मग जानेवारीत ताण तोडतात, पाणी सोडतात आणि वाट पाहतात. रोज सकाळी कोणीतरी जाऊन फांदीचं टोक निरखून येतं. तुझ्या घरी ते कोणीतरी बहुतेक सासूबाईच असतील. वर्षाचं घर ज्यावर चालतं तो बहार त्यांना दिसला, आणि ही बातमी त्यांनी पहिल्यांदा कोणाला दाखवली? मुलाला नाही, तुला नाही, नातवाला. हात धरून नेऊन.

आणि नातवानं झाडाकडं पाहिलंच नाही. त्यानं आजीचं क्रियापद पाहिलं.

बरं, त्यानं जे दुरुस्त केलं तेही बरोबर नाही. संत्र्याचा बागाईतदार 'झाडाला कळ्या येत आहेत' म्हणत नाही गं. झाड फुटतं. आंबिया फुटतो. नवी पालवी आणि कळी बरोबरच निघतात, आणि त्या सगळ्या निघण्याला फुटणं म्हणतात. साडेचार वर्षांच्या पोराला हे कळायचं एकच ठिकाण होतं, आणि तिथं त्याच्या तोंडून 'तू चुकलीस' निघालं.

तू म्हणतेस, सासूबाईंना मी काही म्हणत नाही. कशाला म्हणशील? त्या कामावर तू माणूस नेमला आहेस. जे नवऱ्याला तोंडावर ऐकवतेस ते पोरगं घरात बसून ऐकतं, आणि जिथं तुझी हिंमत होत नाही तिथं ते जाऊन बोलून येतं. त्या हसल्या, असं लिहिलंस. नातवानं चूक काढली तर आजी हसणार नाही तर काय करणार, भांडणार? त्या हसल्या आणि गप्प झाल्या. तू फक्त हसणं मोजलंस.

आता तुझ्या त्या शुद्धतेविषयी थोडं बोलते, कारण तुझं पत्र माझ्यापुढं आहे. त्यात 'अॅक्च्युअली' आहे, 'बेसिकली' आहे आणि नवऱ्यासाठी 'मिस्टर' आहे. या शब्दांनी पाहुण्यांसमोर कोणाचं डोकं दुखत नाही. 'काहून'नं मात्र दुखतं. आणि तू कोल्हापूरची! तुमच्याकडं बायका 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. मला ते ऐकायला फार गोड वाटतं, पण पुण्यात डी.एड.ला असताना तू ते म्हणाली असशील तेव्हा काय झालं? कोणी हसलं असेल. तू एका रात्रीत 'येते', 'जाते' शिकून घेतलं असशील. हा माझा अंदाज आहे, खोटा असेल तर कळव. खरा असेल तर तेच हसू तू चांदूर बाजारला आणून ठेवलंस.

'जेवून राह्यलो' हे हिंदीवरून आलं, असं म्हणतेस. येऊ दे की. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. हिंदी आमच्या कचेरीत होती, बाजारात होती, शेजारी होती. सोबत राहिलेल्या माणसांचं बोलणं एकमेकांना लागणारच. पण तेवढ्यानं वऱ्हाडी परकी होत नाही. तुमच्या घरापासून रिद्धपूर कितीसं दूर आहे? शेजारच्या मोर्शी तालुक्यात. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाला विचारून म्हाइंभटांनी तिथं मराठीत गोळा केल्या. आज मराठी भाषेचं विद्यापीठ आहे तेही तिथंच. त्या पंथात केशिराज म्हणून मोठे पंडित होते, त्यांना संस्कृतात लिहायचं होतं. पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना अडवलं. का, तर पंथातल्या साध्या माणसांना, म्हाताऱ्या बायकांना ते कळणार नाही, त्या नागवल्या जातील. म्हणजे कोणती भाषा वापरायची हे त्या थोर माणसानं म्हाताऱ्यांकडं बघून ठरवलं. तुझ्या घरात नेमकं उलटं झालं.

आणि तुझ्या नवऱ्याकडं पदवी असेल तर तिच्यावर बहुधा संत गाडगेबाबांचं नाव असेल. बाबा अमरावती जिल्ह्यातले, कीर्तन वऱ्हाडीत करायचे, लोकांना प्रश्न विचारत विचारत. त्यांना कोणी मध्येच उठून 'शुद्ध बोला' म्हटल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

नवऱ्याला मी सोडलेलं नाही. त्याच्या हसण्यावारी नेण्यालाही माझ्या लेखी फार किंमत नाही. आई चार दिवस नातवाशी नीट बोलली नाही, हे त्याच्या लक्षात आलं का, एवढं विचार.

तुझ्या पहिलीच्या वर्गातलं एखादं पोरगं 'मॅडम, मले पानी प्याचं हाये' म्हणतं तेव्हा आधी पाणी देतेस की आधी वाक्य दुरुस्त करून घेतेस, ते पत्रात नाही. त्याचं उत्तर मला देऊ नकोस, स्वतःला दे. प्रमाण मराठी शिकवू नकोस, असं मी म्हणत नाही. ते तुझं काम आहे, त्याचा पगार घेतेस, आणि तुझ्या मुलालाही ती लागेल. पुस्तकातली मराठी पुस्तक उघडून शिकव. माणूस बोलत असताना त्याच्या तोंडातून काढून घेऊ नकोस.

'चिडचिड न होता कसं राहू' हा तुझा प्रश्न मी बाजूला ठेवते. होऊ दे चिडचिड, त्यानं कोणी मरत नाही. मलाही तो 'बे' अजून खटकतोच.

तू एकच काम करायचं आहेस. या रविवारी, पुढच्या नाही, कारण कळीचं फूल व्हायला फार दिवस लागत नाहीत. मुलाला आणि सासूबाईंना घेऊन बागेत जायचं, त्याच झाडापाशी. आणि तिथं, पोरगं ऐकत असताना, सासूबाईंना म्हणायचं, "आई, आजी चुकली नव्हती, मी याला चुकीचं शिकवलं." शब्द हेच. 'तो लहान आहे, मनावर घेऊ नका' हे चालणार नाही, कारण चूक त्याची नव्हती. एकटीनं स्वयंपाकघरात जाऊन हळूच सॉरी म्हणणंही चालणार नाही. दुरुस्ती पोरानं ऐकली होती, माफीही त्यानं ऐकली पाहिजे.

सासूबाई म्हणतील, "जाऊ दे ना माय, लेकरू हाये ते." जाऊ देऊ नकोस. झाड फुटलं म्हणजे नेमकं काय फुटलं, कळी कोणती आणि पालवी कोणती, हे त्यांना विचार. तुलाही माहीत नसणार. त्या दाखवायला लागल्या की मध्ये बोलू नकोस. आणि हे विचारताना उगाच 'मले दाखवा' म्हणायला जाऊ नकोस, ती नक्कल वाटेल आणि त्या पुन्हा मिटून बसतील. तुझ्या कोल्हापुरीत विचार. त्या पुढच्या झाडाकडं निघाल्या की 'मी पण येतो' म्हण.

तुझी मावशी