शाळा, वर्तमानपत्रं आणि देशाचा कारभार पाहून मन उतरतं; आशा कशाच्या जोरावर ठेवायची?

तुम्ही लिहिलंय की पंचविशीतच देशाबद्दलचा उत्साह ओसरत चाललाय, शाळांची अवस्था आणि बातम्यांचा दर्जा पाहून तर काही बदलेल असं वाटतच नाही. मी बरीच वर्षं तालुक्याच्या गावी एका दैनिकाचा वार्ताहर होतो. आता गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे, कारण माझी धाकटी तिथेच चौथीत शिकते. या दोन ठिकाणांहून जे दिसतं तेवढंच सांगतो.

भ्रमनिरास माझाही झाला. पण आपण गरीब आहोत किंवा माणसं वाईट आहेत, हे काही मला त्याचं कारण वाटत नाही. ज्यांच्या शब्दाला वजन आहे ती माणसं सगळ्यांच्या शाळेतून निघून गेली आणि वर्तमानपत्राचा खर्च वाचकाने उचलायचं थांबवलं. या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात, पण मुळात त्या एकच आहेत.

आधी वर्तमानपत्राचं. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो. मानधन नावापुरतं, खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी आणि नेत्याचा वाढदिवस, या चार प्रसंगांना पुरवणी निघते आणि प्रत्येकाला टार्गेट दिलं जातं. सकाळी ज्या सभापतींना पाण्याच्या टँकरच्या फेऱ्यांचा हिशेब विचारायचा, त्यांच्याचकडे दुपारी अर्ध्या पानाची जाहिरात मागायची. असा माणूस हिशेब किती जोरात विचारणार? एका गावात नव्या वर्गखोल्यांचं छत पहिल्याच पावसात गळायला लागलं. फोटोसह बातमी पाठवली होती. ती छापून आली नाही, आणि पुढच्याच पुरवणीत त्या ठेकेदाराच्या शुभेच्छा पानभर झळकल्या. मला कोणी धमकावलं नाही, कोणी ओरडलंही नाही. फक्त पुढच्या वेळी तशी बातमी पाठवताना हात आखडतो, आणि वर्षा-दोन वर्षांत माणूस पाठवायचीच बंद करतो. मी ते काम सोडलं ते याच कारणाने.

२००९च्या विधानसभा निवडणुकीत हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. पैसे मोजून बातमी छापून घेण्याची उमेदवारांसाठी ‘पॅकेजं’ ठरली होती. एकच स्तुतिपर मजकूर वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत वेगवेगळ्या नावांनी बातमी म्हणून छापला गेला. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघडं केलं. वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या पत्रकारांची उपसमिती नेमली, त्यांनी नावानिशी सविस्तर अहवाल लिहिला. पण कौन्सिलने २०१० साली तो पूर्ण प्रसिद्ध केलाच नाही. माहितीच्या अधिकारात केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिल्यावर, २०११ साली तो लोकांसमोर आला. वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने पत्रकारांचाच अहवाल दाबावा आणि सामान्य माणसाच्या कायद्याने तो बाहेर काढावा, ही गोष्ट मी विसरू शकत नाही. २०२४च्या जागतिक वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या यादीत भारत १८० देशांत १५९वा होता. त्यावर दिल्लीत बरीच चर्चा झाली. तालुक्यात मात्र स्वातंत्र्य गेलं ते जाहिरातीच्या पावतीवर, आणि कोणाला कळलंही नाही.

शाळेचंही तसंच झालं. सरपंचाची मुलं, ग्रामसेवकाची मुलं, खुद्द गुरुजींची मुलं सकाळी पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी माध्यमात जातात. मी त्यांना दोष देत नाही. आपल्या लेकराचं भलं कोणाला नको असतं? पण ती गाडी गावाबाहेर पडली की शाळेबद्दल गटविकास अधिकाऱ्यांना फोन करू शकणारं कोणी गावात उरत नाही. मग शिक्षकाची जागा रिकामी राहिली, तर ती राहतेच. आहेत त्या शिक्षकांनी मतदार याद्या करायच्या, सर्वेक्षणं करायची, पोषण आहाराच्या नोंदी ठेवायच्या, ऑनलाइन माहिती भरायची. शिकवायचं कधी? ग्रामीण मुलांना कितपत वाचता येतं ते तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत २०१८ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधारण निम्मी मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. करोनाच्या बंदीनंतर, २०२२ साली, हे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर आलं. २०२४मध्ये ते ४८.८ झालं. म्हणजे घसरलेलं बरंचसं भरून निघालं, पण भरून निघालं ते पुन्हा निम्म्यापर्यंतच.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५मध्ये उत्तर प्रदेश सरकारला सांगितलं होतं की सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यांची मुलं सरकारी प्राथमिक शाळेतच शिकतील अशी व्यवस्था करा. तो आदेश अमलात आला नाही. कोठारी आयोगाने १९६६ साली सगळ्यांसाठी समान शाळेची शिफारस केली होती, शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा असंही म्हटलं होतं. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात हेच ६ टक्के पुन्हा लिहावे लागले, यावरून काय ते समजा.

आता महाराष्ट्राचं बोलतो, कारण मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून निवेदन दिलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली त्यासाठी विधेयक मांडलं, पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी मात्र १९१७ साली कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचं आणि मोफत केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. आणि याच शाहू महाराजांनी १९२० साली बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’ला अडीच हजार रुपये दिले. वाचायला शिकलेल्या माणसाला स्वतःची गोष्ट छापून आलेली वाचता आली पाहिजे, हे त्या राजाला कळत होतं. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत, सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत दिली होती, ती १९६० साली संपली. शिक्षण हक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. पन्नास वर्षं उशीर! त्या पन्नास वर्षांत शाळेबाहेर राहिलेली माणसं आज माझ्या गावात आजी-आजोबा आहेत.

तरीही आशा का, तर जे बाहेर पडू शकत नाहीत तेच पुन्हापुन्हा उभे राहतात, हे मी पाहिलंय आणि इतिहासातही तेच दिसतं. आणीबाणीत भली भली वर्तमानपत्रं गप्प झाली. दुर्गाबाई भागवतांसारख्या मोजक्यांनी कराडच्या साहित्य संमेलनात जाहीर विरोध केला आणि पुढे तुरुंगही सोसला. पण मार्च १९७७मध्ये सरकार पाडलं ते मतदारांनी, आणि त्यांतल्या बहुतेकांना तेव्हा लिहिता-वाचताही येत नव्हतं. माहितीचा अधिकारही वरून आला नाही. राजस्थानात रोजंदारीवरच्या मजुरांनी हजेरीपट दाखवा म्हणून मागणी केली, जनसुनवाया घेतल्या, १९९६ साली ब्यावरला दीर्घ धरणं दिलं. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही त्यांची घोषणा. देशाचा कायदा २००५ साली झाला. चित्रकूटमध्ये २००२ साली ‘खबर लहरिया’ नावाचं बुंदेली पत्र सुरू झालं, ते चालवलं मुख्यतः दलित बायकांनी. हातपंप बंद, रस्ता कागदावर झालेला, बाईवरचा अत्याचार नोंदवून घेत नाहीत, असल्या बातम्या त्यांनी लिहिल्या. दर्जेदार पत्रकारिता कशाला म्हणतात असं कोणी विचारलं तर मी तिकडे बोट दाखवतो.

शाळांचीही अशी उदाहरणं आहेत. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या एका गटात, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी शिकवण्याची पद्धत बदलली आणि राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, त्यांनी निम्मी रक्कम इतर अंतिम स्पर्धकांना वाटून टाकली. पण एका गुरुजीच्या कर्तबगारीवर मी फार भिस्त ठेवत नाही. त्यांची बदली झाली की काय?

मला भरवसा वाटतो तो आयांचा. शिक्षण हक्क कायद्यात व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या बायका असल्या पाहिजेत असं आहे. बहुतेक ठिकाणी समिती सह्यांपुरती असते, आमचीही तशीच होती. मग पाच वर्गांना एकच शिक्षिका उरली. अर्ज देऊन झाले, ‘पाठपुरावा चालू आहे’ हे उत्तर ऐकून झालं. शेवटी बायकांनी ठरवलं आणि सगळी मुलं घेऊन पंचायत समितीच्या आवारात शाळा भरवली. पाढे, परिपाठ, प्रार्थना, सगळं तिथेच. त्यांतल्या निम्म्या बायका त्या दिवशीची मजुरी बुडवून आल्या होत्या. गटशिक्षणाधिकारी खाली येऊन बोलले, आणि महिन्याच्या आत दुसरे शिक्षक हजर झाले. माझ्या जुन्या दैनिकात आतल्या पानावर चार ओळी आल्या. मी त्या नव्या वार्ताहर पोराला फोन करून सांगितलं की या चार ओळींची किंमत त्या पुरवणीपेक्षा जास्त आहे. त्याला ते कळलं असं मला त्याच्या आवाजावरून वाटलं.

म्हणून तुम्हाला एवढंच सुचवतो. देशाबद्दल आशा आहे की नाही याचा निकाल रात्री नऊच्या चर्चा ऐकून लावू नका. जे पत्र किंवा संकेतस्थळ तुमच्या भागातली खरी बातमी देतं, त्याची वर्गणी भरा. वाचकाने पैसे मोजले तरच संपादक वाचकाला बांधील राहतो. आणि जवळच्या सरकारी शाळेत समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मागा. मूल तिथे नसलं तरी माहितीच्या अधिकारात ते मिळतं.

आमच्या समितीची पुढची बैठक याच महिन्यात आहे. विषय एकच: प्रत्येक वर्गातली किती मुलं सलग वाचू शकतात, तो आकडा दर तिमाहीला शाळेच्या फलकावर लिहायचा की नाही. मुलांची नावं नाहीत, फक्त संख्या. शिक्षकांना वाटतं, आकडा कमी दिसला तर उरलेले पालकही मुलं काढून नेतील, आणि त्यांची भीती खोटी नाही. आया म्हणतात, लिहा. मी त्यांच्या बाजूने आहे.