शिशुमार आणि अश्वमार : 'मार' एकच का?

प्रश्न असा : संस्कृत कोशात 'शिशुमार' म्हणजे डॉल्फिन आणि 'अश्वमार' म्हणजे कण्हेर. एक गंगेतला सस्तन प्राणी, दुसरं कुंपणावरचं फुलझाड. दोघांच्या शेपटीला लागलेला 'मार' एकच का?

दिसतो एकच. पण माझ्या मते कण्हेरीचा अस्सल 'मारणारा' आहे, आणि डॉल्फिनच्या 'मार'ला तो अर्थ उगाच चिकटलाय.

कण्हेरीबद्दल वाद नाही. पान, फूल, साल, मूळ, सगळंच विषारी. त्यातलं ओलिएंड्रिन थेट हृदयावर घाला घालतं. थोडीशी पानं पोटात गेली तरी घोडा दगावू शकतो. अमरकोशातही करवीराच्या पर्यायांत 'हयमारक' आहे. (करवीर, कणवीर, कण्हेर अशी ही वाट. कोल्हापूरकरांना पहिला शब्द सांगायला नको!) हायवेच्या दुभाजकावर कण्हेरच का, हे शेळीला विचारा. एरवी जिला काहीही चालतं ती शेळी तीन-तीनच्या झुबक्यांतली ती लांब पानं हुंगते आणि तोंड फिरवते.

आता शिशुमार. गंगेतला हा जीव जवळजवळ आंधळा, आवाजाच्या प्रतिध्वनीवर मासे हुडकणारा. तो पोरं कशाला मारेल? ऋग्वेदात (१.११६.१८) अश्विनांच्या रथाला बैलासोबत जो जुंपलाय तो 'शिंशुमार', अनुस्वारासकट. पालीत 'सुंसुमार'. म्हणजे मूळ शब्दाचा अर्थ विसरला गेल्यावर कुणीतरी त्यात 'शिशु' ऐकला असावा. यालाच लोकव्युत्पत्ती म्हणतात. हिंदीत डॉल्फिनला म्हणतात तो 'सूंस' याच शब्दाचं झिजलेलं रूप. हा प्राणी श्वास घेताना 'सूं' करतो म्हणून सूंस, असंही सांगतात. ऐकायला गोड आहे, पण मग 'मार'चं काय करायचं?

खरी गंमत मराठीत. पालीतल्या जातककथेत माकडाचं काळीज मागणारा सुंसुमार डॉल्फिन नाही, मगर आहे. आपली 'सुसर' त्याच घराण्यातली. नाव आपल्याकडे सरपटणाऱ्या प्राण्याला गेलं, आणि तिथे 'मारणारी' शोभलंही. समुद्रातल्या डॉल्फिनला कोकणातले मच्छीमार 'गादा' म्हणतात. नौदलाने मात्र १९८६ साली दाखल झालेल्या पाणबुडीला 'शिशुमार' हेच नाव दिलं.

तेव्हा विग्रह विचारलाच, तर 'घोड्याला मारणारा तो अश्वमार' हे बिनधास्त लिहा. शिशुमारापुढे कंसात 'लोकव्युत्पत्ती' एवढं टाका.