तोक्योला भाषा शिकायला येतेयस, तर मराठी सोबत आण

तू विचारलं आहेस की एन-4 (जपानी भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी) पास होऊनही बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही, एप्रिलपासून तोक्योच्या भाषाशाळेत कसं निभावेल? शिवाय तू शाकाहारी आहेस आणि नाशिकला आईला तीच काळजी लागली आहे. मी 2017 साली पुण्याहून आले, दोन वर्षं तोक्योतल्या ताकादानोबाबा भागातल्या एका भाषाशाळेत काढली आणि आता इथेच नोकरी करते. जे प्रत्यक्ष केलं आणि भोगलं, तेवढंच लिहिते.

आधी बोलण्याचं. आपण जपानी शिकतो ती इंग्रजी पुस्तकांतून, आणि घोळ तिथेच होतो. डोक्यात मराठी विचार येतो, त्याचं आपण इंग्रजी करतो आणि मग इंग्रजीवरून जपानी. इंग्रजीत क्रियापद मध्ये येतं, जपानीत शेवटी. मराठीतही शेवटीच! मग हा वळसा कशाला? ‘तोक्योहून’ म्हणजे ‘तोक्यो कारा’, ‘तोक्योला’ म्हणजे ‘तोक्यो नि’. आपल्यासारखंच शब्दाच्या मागे लावायचं. ‘काल आलेला माणूस’ हे इंग्रजीत सांगायचं तर वाक्य उलटं करावं लागतं; जपानीत ‘किनो किता हितो’, शब्दाला शब्द.

मला हे उमगलं ते जेवणाचे डबे विकणाऱ्या एका दुकानात. संध्याकाळी मी तिथे काम करायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिथल्या काकूंनी शिजवलेल्या मुळ्याची एक चकती चॉपस्टिकने उचलून माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, ‘ताबेते मिते.’ ताबेते म्हणजे खाऊन. मिते म्हणजे बघ. खाऊन बघ. माझी आजी ओट्यापाशी चमचा पुढे करून हेच म्हणायची. हा प्रयोग मी पुण्यात पाठ केला होता, परीक्षेत लिहिला होता, पण तो ‘खाऊन बघ’ आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री वही घेऊन बसले. ‘घेऊन ठेव’ला ‘कात्ते ओकु’, आणि ‘ओकु’ म्हणजे ठेवणंच. असे प्रयोग एकामागून एक सापडत गेले. तू आत्तापासून अशी वही कर, उजव्या बाजूला मराठीच लिही.

दुखणं सांगतानाही हेच कामाला येतं. पहिल्या हिवाळ्यात माझी दाढ धरली. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘ज़ुकिज़ुकि का चिकुचिकु?’ पहिला शब्द ठणकण्याचा, दुसरा टोचण्याचा. चुरचुरणं असेल तर ‘हिरिहिरि’. गरगर म्हणजे ‘गुरुगुरु’, धडधड म्हणजे ‘दोकिदोकि’. असे दुहेरी शब्द इथे लहान मुलांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे वापरतात, आणि आपल्याला ते कानाने कळतात, कारण आपणही ठणठण, चुरचुर, भणभण यांच्यावरच वाढलो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यादी पाठ करावी लागते. कांजीत, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांत, मात्र मराठीचा काडीचाही उपयोग नाही. चिनी मुलं वाचनात तुझ्या कितीतरी पुढे असतील, त्याने खचू नकोस. रोज दहा कांजी हाताने लिही, दुसरा रस्ता नाही.

त्या दाढेच्या बिलातले 30 टक्केच मला भरावे लागले, कारण राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव होतं. म्हणून उतरल्यावर पहिलं काम: विमानतळावर रहिवासी कार्ड मिळेल, ते घेऊन राहायची जागा ठरल्यापासून 14 दिवसांच्या आत वॉर्डाच्या कार्यालयात पत्ता नोंदव. विमाही तिथेच होतो. वीस ते एकोणसाठ वर्षांच्या प्रत्येकाला राष्ट्रीय पेन्शनमध्येही नाव घालावं लागतं; उत्पन्न नसेल तर माफीचा अर्ज त्याच इमारतीत दे, घरी आलेलं पत्र कपाटात टाकून ठेवू नकोस. अर्धवेळ कामाच्या परवानगीचा अर्ज नव्याने येणाऱ्याला विमानतळावरच देता येतो. मर्यादा आठवड्याला 28 तास, दोन ठिकाणचं मिळून. ती ओलांडू नकोस आणि हजेरी घसरू देऊ नकोस. व्हिसा वाढवताना दोन्ही पाहतात, आणि रात्रपाळ्या करून वर्गात झोपणारी मुलं परत जाताना मी पाहिली आहेत. फार वाईट वाटतं.

आता जेवण. आईला खरं सांग: बाहेरचं खाणं अवघड आहे. ‘निकु नाशि’, म्हणजे ‘मांस नको’, म्हटलंस की इथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे गाय-डुक्कर-कोंबडी येते, मासा येत नाही. आणि मासा दिसतच नाही, तो ‘दाशी’त असतो, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पाण्यात. मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं) सूप, उदोन नूडल्स, नात्तोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) पाकिटातली चटणी, सगळीकडे. ती मुळ्याची चकतीही दाशीतच शिजली होती. मी मासे खाते म्हणून निभावलं, तुला विचारावं लागेल: ‘दाशी वा साकाना देसु का?’ म्हणजे दाशी माशाची आहे का? घरी मात्र उत्तम चालतं. शिन-ओकुबोच्या गल्लीत डाळी, कणीक, मसाले मिळतात. निशि-कासाईत भारतीय वस्तीच आहे. इथला तांदूळ चिकट, त्याचा पुलाव होत नाही, पण वरणभात आणि दहीभात असा होतो की घरची आठवण यावी. येताना गोडा मसाला आणि तीन लिटरचा कुकर आण. शेगडी इंडक्शनची असू शकते, तेव्हा बूड बघून घे. हापूस बॅगेत घालू नकोस, ताजी फळं आणता येत नाहीत. कोडीन किंवा स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दी-खोकल्याची औषधं तर नियम तपासल्याशिवाय मुळीच नाही.

कचऱ्याचं वेळापत्रक पहिल्याच दिवशी भिंतीवर लाव. इताबाशीत, ओयामा स्टेशनजवळ मी राहायचे. एकदा जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत प्लास्टिकची बाटली टाकली. संध्याकाळी पिशवी तिथेच, वर चिठ्ठी. शेजारच्या आजी खाली आल्या, न बोलता बाटलीचं झाकण काढलं, कागद सोलला, तिन्ही वेगवेगळं ठेवलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. पुढची दोन वर्षं त्या आजी माझ्याशी रोज बोलल्या. शाळेत मिळाली नसेल इतकी जपानी मला त्यांनी दिली.

एक कटू गोष्टही सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. दुसऱ्या वर्षी खोली शोधताना एजंटाने माझ्यासमोर घरमालकाला फोन लावला. ‘परदेशी आहे’ म्हटल्यावर पलीकडून ‘चोत्तो...’ एवढंच आलं आणि वाक्य तिथेच थांबलं. आपल्याकडचं ‘बघू’. पहिल्या वर्षी मला ते कळलं नसतं. भाषा आली म्हणून जास्त लागलं. असे चार नकार आले, पाचव्याने खोली दिली. तू पहिलं वर्ष शाळेच्या वसतिगृहातच काढ. बँक आणि फोन एकमेकांचा नंबर मागतात, तो गुंताही शाळेचं कार्यालय सोडवून देतं.

एप्रिलच्या सुरुवातीला रात्री चांगलीच थंडी असते, स्वेटर हातातल्या बॅगेत ठेव. वसतिगृहाचा पत्ता आला की मला कळव, जवळचं स्टेशन आणि भाजीचं स्वस्त दुकान बघून ठेवते.